मावशीआजीचा पत्ता, फेरफार नंबरासकट

महाभूलेखच्या पानावर विभाग छत्रपती संभाजीनगर, जिल्हा धाराशिव, तालुका आणि गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, सातबारा बघायचा. मला एवढंच येत होतं. पन्नाशी आली तरी एवढंच! त्याच चौकटीत पहिले नाव, मधले नाव, आडनाव, संपूर्ण नाव असेही पर्याय असतात. गट नंबर ठाऊक नसला तरी नुसत्या आडनावावर गावातले त्या आडनावाचे सगळे खातेदार समोर येतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. कळलं त्या रात्री मी झोपलो नाही. आधी आमचं गाव बघितलं, मग आईचं माहेर, मग सासुरवाडी, मग ज्यांच्याशी माझा काडीचा संबंध नाही अशी गावं. बायको म्हणाली, "लोक रात्री जागून सिनेमे बघतात." तिला काय सांगू, सिनेमात एवढी माणसं नसतात.

उद्योग सुरू झाला मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांवरून. पहिली पत्रिका तुळजापूरला आईसमोर, दुसरी येरमाळ्याला येडाईपुढे, आणि मग पाहुण्यांची यादी. यादी संपत आली तेव्हा माझ्या वडलांनी, अण्णांनी, विचारलं, "माझ्या मावशीला कळवलं का?" अण्णांची मावशी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण, माझी मावशीआजी. आजी जाऊन जमाना झाला. आजीचा एकुलता भाऊ, म्हणजे मामाआजोबा, त्र्याण्णवच्या भूकंपात गेला. त्याची पोरं गाव सोडून कुठंतरी पोटापाण्याला लागली आणि माहेरचा तो धागा तिथंच तुटला. अण्णांना आठवत होतं ते इतकंच, की मावशीला नळदुर्गकडं दिली होती. गावाचं नाव नाही. मावशीच्या नवऱ्याचं नावही नाही, कारण त्यांना कायम 'काका'च म्हटलेलं. पंच्याऐंशीच्या घरातली बाई फेसबुकवर नसते, आणि टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीच्या काळातही शेतकऱ्याचं नाव त्या डिरेक्टरीत क्वचितच असायचं.

हातात काय होतं? आजीच्या वडलांचं नाव, आडनाव आणि लोहारा तालुक्यातलं एक गाव. पण आपल्या नावाच्या पद्धतीत मधलं नाव म्हणजे बाप, आणि इथेच मी खुर्चीतून उठलो! 'मधले नाव' या खान्यात पणजोबांचं नाव टाकलं तर त्यांची मुलं निघणार. त्या मुलांची नावं पुन्हा मधल्या खान्यात टाकली तर नातवंडं निघणार. सरकारने जमिनीच्या वसुलीसाठी बनवलेला हा तक्ता मुळात वंशावळ आहे, फक्त उलटा धरायचा.

टाकलं नाव. आली यादी. त्यात मामाआजोबांची मुलं... नव्हती.

खरं तर होती, पण कंसात. सातबारा वाचायची ज्यांना सवय आहे त्यांना कंस म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही ते नीट आत्ताच कळलं. खातेदार मेला, त्याने जमीन विकली किंवा हक्क सोडला, तरी त्याचं नाव खोडत नाहीत. त्याला कंस घालतात आणि कोणत्या फेरफाराने तो गेला त्याचा नंबर लिहितात. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर हे नंबर वर्तुळात असायचे. आता संगणकाच्या उताऱ्यावर ते छापून येतात आणि खाली 'जुने फेरफार क्र.' म्हणून एक रांगच असते. आजवर मी त्या रांगेकडे कागदाची घाण म्हणून बघत आलो. ती रांग म्हणजे त्या जमिनीवर काय काय घडलं त्याची अनुक्रमणिका आहे! जन्म सोडून सगळं आहे तिथं. कोण कधी मेलं, कुणी कुणाला विकलं, कोणत्या वर्षी सोसायटीचा बोजा चढला आणि कधी उतरला, भावाभावांत वाटप कधी झालं, कुठली विधवा मागं राहिली.

मामाआजोबांच्या मुलांनी जमीन विकली होती. फेरफारावर खरेदीखताचं वर्ष होतं. नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च मोफत आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर दिला की सूची क्रमांक दोन समोर येते आणि तिच्यात देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव, वय, पत्ता! मी श्वास रोखून पत्त्याचा रकाना वाचला. प्लॉट नं: -, माळा नं: -, इमारतीचे नाव: -, ब्लॉक नं: -, रोड नं: -. मुंबईच्या फ्लॅटसाठी बनवलेला नमुना आमच्या शेतकऱ्यापुढे ठेवला की हे असं होतं, सगळा पत्ता आडव्या रेघांचा. पण शेवटी पिन कोड होता आणि तो पिंपरीचा निघाला. पिंपरी! म्हणजे पोरं एमआयडीसीत गेली असणार. पण पिन कोडावर पत्रिका पोचत नाही, म्हणून ती फांदी तात्पुरती सोडली आणि मागं वळलो, पणजोबांच्या मृत्यूकडं. माणूस मेला की वारस लागतात, आणि वारसांत मुली असतात.

हा विचार सुचला तेव्हा मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. आपल्याकडे बाई लग्न होऊन गेली की कागदावरून नाहीशी होते. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, पूर्वी तर पहिलंसुद्धा बदलायचं. तिला हुडकायची एकच खात्रीची जागा आहे, ती म्हणजे बापाच्या मरणानंतरचा फेरफार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस झाली, तेव्हा तलाठ्याला तिचं नाव लिहावं लागलं. पुढं बहुतेक ठिकाणी भावाने हक्कसोड करून घेतली हा भाग वेगळा, पण हक्क सोडायलासुद्धा आधी नाव लागावं लागतं! आणि ते कसं लागतं? नवऱ्याच्या नावासकट, सासरच्या गावासकट.

जुना फेरफार संगणकावर नव्हता, म्हणून तहसीलला गेलो. अर्ज केला, कोर्ट फीचा स्टॅम्प चिकटवला आणि अभिलेख कक्षाच्या दाराशी उभा राहिलो. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कुणबी नोंदीचं हाय का?"

"नाही, मावशी हुडकायलोय."

तेव्हा त्याने मान वर केली.

त्याच्या प्रश्नात काही चूक नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक तहसीलची, भूमी अभिलेखची, शाळेची कपाटं उघडली गेली. १९६७ च्या आधीचं काहीही चालणार होतं: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू वाचणाऱ्याला अचानक मान आला. समितीला हैदराबादेतलं दप्तरही धुंडाळावं लागलं, कारण १९५६ पर्यंत आपलं सरकार तिथं होतं. आरक्षणाचं काय व्हावं यावर ज्याचं त्याचं मत आहे, माझंही आहे, ते इथं नको. पण एक गोष्ट घडली तिची नोंद कुणी फारशी घेतली नाही. गावोगावच्या माणसाला पणजोबाचं पूर्ण नाव पाठ झालं! पूर्वी वंशावळ सांगायला तुळजापूरचा पुजारी लागायचा, ज्याच्या चोपडीत घराण्याची नावं उतरवलेली असतात. आता चहाच्या टपरीवर पोरं "तुमचा खासरा निघाला का?" असं एकमेकांना विचारतात. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये खापरपणजोबाच्या नोंदीचा फोटो. त्या शोधात दप्तरं लागली, चाळली गेली, स्कॅन झाली, आणि त्याचा फायदा माझ्यासारख्या, काहीच मागायला न आलेल्या माणसालाही मिळाला.

कापडात बांधलेला गठ्ठा सुटला. अण्णा नेहमी सांगतात की त्यांचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठ गेले, म्हणून तेवढीच वर्षं बघायची होती. पानं पिवळी, शाई निळी-जांभळी, आणि अक्षर असं की आजच्या पदवीधराने लाजावं. मला वाटलं होतं रुक्ष काहीतरी असेल. पण त्या भाषेत शिरायला जरा वेळ लागतो आणि शिरलं की बाहेर यावंसं वाटत नाही. 'पि.' म्हणजे पिता, 'भ्र.' म्हणजे भ्रतार. त्याहून जुन्या कागदांत निजामाची उर्दू अजून जिवंत आहे, 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'अ.पा.क.' आलं की समजायचं, बाप गेला तेव्हा पोर अज्ञान होतं आणि पालनकर्ता कुणी दुसरा होता. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, नाव थोरल्याचं आणि घाम सगळ्यांचा. आडनाव पुष्कळदा नसतंच. अमुक पि. तमुक, एवढ्यावर गाव चालायचं.

आणि वर्षं फसली! १३५७ फसली वाचून मी आधी बहामनी काळात गेल्यासारखा चक्रावलो. ५९० मिळवा म्हणाला अभिलेख कक्षातला तो माणूस. मिळवले. १९४७. म्हणजे रझाकारांच्या धामधुमीचं ते वर्ष, जेव्हा आमच्याकडची माणसं रातोरात बार्शीच्या हद्दीत, म्हणजे इंग्रज गेलेल्या मुलखात पळत होती. आणि इकडे पटवारी शांतपणे ज्वारीची पाहणी लिहितोय. मी हे मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं मग?" काही लोकांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

जुने नंबर आणि आजचे नंबर एक नसतात, ही त्यातली मोठी अडचण. एकत्रीकरण योजना झाली तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि दोन्हींचा मेळ घालायला भूमी अभिलेख कार्यालयातला ९(३) ९(४) चा उतारा लागतो. गावकरी तो आकडा एका दमात असा उच्चारतात, की मला बराच वेळ ती कुठल्या तरी बसची वेळ वाटली होती. शिवाय लातूर १५ ऑगस्ट १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होतं. म्हणजे औशाकडचं कुणी शोधत असाल तर जुन्या कागदावर जिल्हा उस्मानाबादच येणार. आता तोच जिल्हा धाराशिव झाला. लोहारा तालुका तेव्हा नव्हताच, ती गावं उमरग्यात. एकाच शेताचा पत्ता तीनदा बदलला आणि शेत जागचं हललं नाही.

गावं मात्र हलली. आजीचं माहेर त्यातलंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले. किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्या दिवशी जगाला कळली. लातूर-धाराशिवात मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली, त्यांत आमचे मामाआजोबा. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. नव्या गावात घरं तीन मापांची दिली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, आणि कुणाला कोणतं माप हे ठरलं ते जमिनीवरून. ज्याच्या नावावर जास्त जमीन त्याला मोठं घर, भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५०. म्हणजे सातबारा त्या गावाच्या रस्त्यांवर विटा-सिमेंटात उभा आहे! मी नव्या गावातून चालत गेलो तेव्हा घराच्या आकारावरून जुन्या गावातली जमीन वाचता येत होती. आता लोकांनी पुढं पडव्या काढल्यात, वर मजले चढवलेत, पण मूळ चौकट ओळखू येते. ही वाटणी मला बरी वाटत नाही. भूकंपाने मोठी-लहान घरं सारखीच पाडली होती, उभारताना मात्र पुन्हा खातेउतारा काढला. पण आठ-अ पुढं कुणाचं चालत नाही.

तर तो फेरफार. सापडला. पणजोबा मयत, वारस म्हणून एक मुलगा, एक बेवा, आणि मुली दोन. पहिली माझी आजी, भ्र. म्हणून आजोबांचं नाव, रा. म्हणून आमचं गाव. आजीचं नाव सरकारी कागदावर मी पहिल्यांदा बघत होतो. आणि तिच्याखालच्या ओळीत दुसरी मुलगी, भ्र. अमुक, रा. तमुक, तालुका तुळजापूर. मी एवढ्या जोराने "अहो!" म्हटलं की बाहेरच्या बाकावरचे दोघं आत डोकावले. नवऱ्याचं नाव आणि गाव दोन्ही मिळालं. अण्णांना जे आयुष्यभर ठाऊक नव्हतं ते एका तलाठ्याने सरकारी शाईने लिहून ठेवलं होतं. त्या तलाठ्याला मावशीचं काही पडलेलं नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच त्याने तिला वगळलं नाही.

तिथून पुढं गाडी सुसाट. मावशीआजीच्या सासरचा सातबारा उघडला. तिच्या नवऱ्याचं नाव कंसात, म्हणजे ते गेले. त्यांच्याखाली मुलं आणि त्यांच्यासोबत ती स्वतः, कंसाबाहेर! कंसाबाहेर म्हणजे जिवंत असं मात्र लगेच धरायचं नाही. आपल्याकडे मेलेली माणसं सातबाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या शेती करतात. पण १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची. त्यामुळे आशा वाढली. मग मतदार यादी. ती तर सार्वजनिकच, यादी भागाप्रमाणे, गावाच्या नावाने. नाव, पतीचं किंवा वडलांचं नाव, घर क्रमांक, वय. त्या यादीत मावशीआजी होती. आणि तिच्या वरखाली त्याच घर क्रमांकाची मुलगा, सून, नातू, नातसून अशी सगळी माणसं. बसल्या जागी अख्खं घर ओळखीचं झालं. नातसुनेचं वय माझ्या मुलीएवढं.

आता एवढं सगळं मिळालं आणि फोन नंबर मात्र कुठंच नाही. सातबाऱ्यावर नाही, यादीत नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचं माप आणि कराची आकारणी आहे, पण नंबर नाही. सुरुवातीला मी चिडलो. मग म्हटलं, देवाची कृपाच. कुणाची किती जमीन, कोणत्या बँकेचा किती बोजा, घरात किती माणसं आणि त्यांची वयं काय, हे सगळं आधीच उघडं आहे. त्याला नंबर जोडला असता तर पहिला फोन पाहुण्याचा आला नसता, 'केवायसी अपडेट करा'वाल्याचा आला असता. आणि उघडं तरी कुणाचं जास्त? रोजगार हमीचं जॉबकार्ड, घरकुलाची यादी, किसान सन्मानाचे लाभार्थी, या याद्यांत गरिबाचं घर पार परसापर्यंत दिसतं. ज्याने सरकारकडून काहीच घेतलं नाही तो मात्र झाकलेला. हे मला खटकलं आणि अजून खटकतं. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा आला, त्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) ची भाषाच बदलून टाकली. आता अधिकारी 'वैयक्तिक' म्हणून पूर्वीपेक्षा सहज नाही म्हणू शकतो. पण या याद्यांचं तोंड काही त्याने झाकलं नाही. स्वीडनमध्ये सरकारी कागद बघायचा हक्क १७६६ पासून आहे म्हणतात, पण तिथं श्रीमंताचा करही बघता येतो.

नंबर सापडतात ते सरकारी माणसांचे. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली अधिकाऱ्यांची सूची जाहीर करावीच लागते. म्हणून मी त्या गावच्या सज्जाच्या तलाठ्याचा नंबर काढला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण पलीकडून आवाज आला तो "तलाठी बोलतोय" असाच. मी सगळं सांगितलं. त्यांनी नंबर दिला नाही, आणि मला ते आवडलं. म्हणाले, "तुमचा द्या. कोतवालाकडं निरोप देतो. त्यांना वाटलं तर करतील." किती साधी गोष्ट! माझा नंबर त्यांच्याकडं जाणार, त्यांचा माझ्याकडं नाही, आणि करायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. यापुढे माझी पद्धत हीच. कागदाने गावच्या वेशीपर्यंत जायचं, आणि तिथं आपला नंबर ठेवून थांबायचं.

दोन घटका गेल्या असतील, नसतील, फोन वाजला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडचा गडी सुरू झाला.

"आमच्या आईचा सातबारा तुम्ही काढलाव म्हनं? कशापायी?"

मी म्हटलं, अहो, मी तुमचा पाहुणा.

"पाहुना हाव तर सातबारा कशाला काढायलाव? हिस्सा मागायलाव का काय?"

हसू नका. त्याच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. आमच्या भागात जुना फेरफार हुडकत येणारा माणूस शंभरात नव्व्याण्णव वेळा वकिलाच्या सांगण्यावरून आलेला असतो. मुलींचं नाव लागलेला फेरफार म्हणजे तर सुरुंगच. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तेव्हापासून किती भावांची झोप त्या दोन ओळींनी उडवली असेल. मी त्याला म्हटलं, तुमच्या जमिनीशी माझा संबंध नाही. उलट तुमच्या आईचाच हिस्सा आमच्या मामाआजोबांच्या शेतात होता, तो तिने सोडला, ते शेतही विकलं गेलं, आता कुणाचंच काही नाही. मुलीचं लग्न आहे, पत्रिका द्यायची आहे.

तो गप्प झाला. मागून एक म्हातारा, करकरीत आवाज आला, "कोन हाय रे?" मग फोन तिच्या हातात. मी अण्णांचं नाव सांगितलं. ओळख पटेना. आजीचं कागदावरचं नाव सांगितलं, तरी पटेना. मग अण्णांनी माझ्या हातातून फोन हिसकावला आणि आजीला माहेरी ज्या नावाने हाक मारायचे ते नाव सांगितलं, जे कुठल्याही नमुन्यात, कुठल्याही रकान्यात नाही.

"आत्तापस्तोर कुटं मेला व्हतास रं?" हे तिचं पहिलं वाक्य. पुढचा अर्धा तास ती बोलत होती आणि अण्णा हुं हुं करत होते. लग्न कधी, मुलगा काय करतो, कुठला, शेती किती (घ्या! तिलाही सातबारा हवाच), आणि आहेर काय करू. शेवटी फोन परत माझ्याकडं आला तेव्हा तिने मलाच कामाला लावलं. "माज्या भावाची पोरं कुटं हायती ते बग आधी. भूकंपापासनं तोंड बगितलं न्हाई त्यांचं."

तिच्याही हातून धागा सुटलेलाच होता. मी तिला सूची क्रमांक दोनचं सांगत बसलो नाही. पिंपरी, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "मग जा की पिंपरीला."

पिंपरीला जाऊन काय करणार, तिथं कोतवाल नाही. पण निवडणूक आयोगाच्या पानावर नाव, वडलांचं नाव, वय आणि विधानसभा मतदारसंघ टाकून शोधता येतं. त्या भागात पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन मतदारसंघ. वडलांच्या नावात मामाआजोबा, वय सूचीतल्या वयात मधली वर्षं मिळवून. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असतो, त्यामुळे प्रत्येक नाव दोन-तीन प्रकारे लिहून बघायचं. पिंपरीत दोघं निघाले, पैकी एकाचं वय जुळत नाही. चिंचवड झालं. बायकोने पत्रिकांचे वीस कोरे लिफाफे वेगळे काढून ठेवलेत, म्हणते, तुमच्या या नादाने अजून किती सापडतील सांगता येत नाही. लग्न दिवाळीनंतर आहे, भोसरीची यादी आज रात्री बघतो.